विश्लेषण : भीमगडच्या बारापेडे गुहेत पर्यटकांनी का जाऊ नये? तिथले वटवाघूळ जगभर का प्रसिद्ध?

पावसाळा ओसरला की बेळगाव, कोल्हापूर आणि गोव्यातील भटक्यांची पावले खानापूर तालुक्यातील जंगलांकडे वळतात. भीमगडचा किल्ला, वज्रपोहा धबधबा, म्हादईचा उगम ही नावे समाजमाध्यमांवरील रील्समुळे आता अनेकांना ठाऊक आहेत. पण जगभरातील प्राणिशास्त्रज्ञांना भीमगड माहीत आहे तो किल्ल्यामुळे किंवा धबधब्यामुळे नव्हे, तर तिथल्या बारापेडे गुहेतील एका वटवाघळामुळे. जवळपास नव्वद वर्षे ही जात जगात फक्त याच गुहेत सापडते, असे मानले जात होते. साहजिकच ही गुहा एकदा आतून पाहावी, असे अनेकांना वाटते. मात्र तिथे माणसाने न जाणे, हाच तिच्या संरक्षणाचा सर्वात मोठा भाग आहे. असे का, आणि मग भीमगडला जाऊन पाहायचे तरी काय, याचा हा आढावा.

भीमगड अभयारण्य नेमके कुठे आहे?

भीमगड वन्यजीव अभयारण्य कर्नाटकातील बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यात आहे. १९०.४२ चौरस किलोमीटरच्या या जंगलाला डिसेंबर २०११ मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला. पश्चिमेला गोव्याचे म्हादई अभयारण्य, दक्षिणेला दांडेली-काळीचे व्याघ्र क्षेत्र आणि वायव्येला महाराष्ट्रातील तिलारीचे खोरे. म्हणजे तीन राज्यांच्या जंगलांना जोडणारा हा दुवा आहे. वाघ, गवे, अस्वले आणि किंग कोब्रा यांचा वावर असलेला हा पट्टा वाघांच्या ये-जा करण्याच्या मार्गावरही येतो.

खानापूरहून हेम्माडगा मार्गे किंवा बेळगाव-चोर्ला रस्त्यावरील जांबोटीच्या बाजूने या परिसरात पोहोचता येते. देगाव, गवाळी, पास्तोली, कोंगळा, कृष्णापूर, तळेवाडी, आमगाव ही जंगलात विखुरलेली छोटी गावे. बोली मुख्यतः मराठी आणि कोकणी. गोव्याची जीवनवाहिनी मानली जाणारी म्हादई नदी देगावच्या परिसरात उगम पावते. बारापेडे गुहा कृष्णापूर-तळेवाडीच्या बाजूला, गोव्याच्या सीमेजवळ आहेत.

बारापेडे गुहेचे नाव शास्त्रात कसे आले?

बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी अर्थात बीएनएचएसने १९११ मध्ये भारतातील सस्तन प्राण्यांचे मोठे सर्वेक्षण हाती घेतले. गावोगावी, जंगलोजंगली फिरून प्राण्यांचे नमुने जमा करायचे आणि ते लंडनच्या संग्रहालयात अभ्यासासाठी पाठवायचे, असे त्याचे स्वरूप होते. या सर्वेक्षणाची कल्पना मांडणाऱ्यांत रॉबर्ट चार्ल्स रॉटन हे मुंबई इलाख्यात काम केलेले निवृत्त वन अधिकारी आघाडीवर होते.

सर्वेक्षणाच्या सुरुवातीच्या वर्षांतच बारापेडे गुहेतील एक वेगळेच वटवाघूळ हाती लागले. ब्रिटिश संग्रहालयातील प्राणिशास्त्रज्ञ ओल्डफिल्ड थॉमस यांनी १९१३ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले आणि रॉटन यांच्यावरून त्याला नाव दिले. आज ही जात ‘ओटोमॉप्स रॉटनी’ या शास्त्रीय नावाने आणि ‘रॉटन्स फ्री-टेल्ड बॅट’ या इंग्रजी नावाने ओळखली जाते.

हे वटवाघूळ वेगळे कसे?

बहुतेक वटवाघळांची शेपटी मागच्या दोन पायांमधील पातळ पडद्यात गुरफटलेली असते. फ्री-टेल्ड गटातील वटवाघळांची शेपटी मात्र पडद्याच्या बाहेर उंदराच्या शेपटीसारखी मोकळी दिसते. नावातील ‘फ्री-टेल्ड’ हा शब्द त्यावरूनच आला. रॉटनच्या वटवाघळाची दुसरी खूण म्हणजे कान. मोठे, पुढे झुकलेले हे कान चेहऱ्यावर टोपीच्या झापेसारखे येतात. अंगावर गडद तपकिरी लव आणि मानेभोवती फिकट राखाडी पट्टा असतो.

या गटातील वटवाघळांचे पंख लांब आणि अरुंद असतात. दाट झाडीत गिरक्या घेण्यापेक्षा मोकळ्या आकाशात उंचावर वेगाने उडत कीटक पकडणे ही त्यांची पद्धत. अशा पंखांची एक अडचण असते. जमिनीवरून सहज उड्डाण घेता येत नाही, उंचावरून खाली झेपावून हवा पंखाखाली घ्यावी लागते. म्हणून विश्रांतीची जागा निवडताना छताची उंची, खाली मोकळी जागा आणि बाहेर पडण्याचा सरळ मार्ग हे सगळे जुळून यावे लागते. जंगलात गुहा अनेक असल्या तरी प्रत्येक गुहा चालत नाही, ती यामुळे.

ही जात फक्त इथेच सापडते का?

विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत उत्तर ‘होय’ असेच होते. त्यानंतर कंबोडियात आणि मेघालयात या जातीची नोंद झाली. मेघालयातील गुहांत पुढे आणखी वसाहती सापडल्या. त्यामुळे ‘जगातील एकमेव ठिकाण’ हा बारापेडेचा मान आता राहिलेला नाही.

पण म्हणून चिंता मिटली, असेही नाही. बारापेडेतील जुन्या नोंदींमध्ये काही डझन वटवाघळेच मोजली गेली होती. पश्चिम घाट आणि मेघालय यांच्यात दोन हजार किलोमीटरच्या आसपास अंतर आहे. एका ठिकाणची वसाहत संपली तर दुसरीकडची वटवाघळे येऊन ती जागा भरून काढतील, ही शक्यता जवळजवळ नाही. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघ म्हणजे आययूसीएनने या जातीला आधी ‘अतिसंकटग्रस्त’ गटात ठेवले होते. आता ती ‘अपुरी माहिती’ या गटात आहे. या बदलाचा अर्थ जात सुरक्षित झाली असा नाही. धोका किती, हे ठरवण्याइतकी माहितीच जमलेली नाही, एवढाच तो अर्थ.

माणूस गुहेत शिरला तर नेमके काय बिघडते?

वटवाघळांसाठी गुहा म्हणजे दिवसाची झोप, पिलांचे संगोपन, समूहातील गाठीभेटी आणि शत्रूपासून बचाव या सगळ्यांची एकच जागा. गुहेच्या आत तापमान आणि आर्द्रता वर्षभर बरीचशी स्थिर असते. छताच्या एखाद्या खोलगट भागात वटवाघळे दाटीवाटीने लटकली की त्यांच्या अंगाच्या उबेने तिथली हवा थोडी गरम राहते. पिलांना या उबेची गरज असते.

माणसांचा गट आत शिरला की पहिला परिणाम प्रकाशाचा आणि आवाजाचा होतो. मोबाइलचा टॉर्च, कॅमेऱ्याचा फ्लॅश, एकमेकांना मारलेल्या हाका या बंद जागेत कितीतरी पटींनी जाणवतात. वटवाघळे जागी होतात, जागा सोडून उडू लागतात. दिवसाच्या विश्रांतीत वाचवलेली ऊर्जा अशा उडण्यात खर्च होते. वसाहतीत पिले असतील तर धोका आणखी वाढतो. बहुतेक जातींची मादी वर्षाला एकाच पिलाला जन्म देते. गोंधळात आईच्या अंगावरून किंवा छतावरून खाली पडलेले पिलू बहुधा वाचत नाही.

इथेच वटवाघूळ आणि उंदीर यांच्यातील मोठा फरक लक्षात घ्यावा लागतो. उंदराची संख्या घटली तर काही महिन्यांत ती भरून निघते. वटवाघूळ आकाराने उंदराएवढे असले तरी त्याचे आयुष्य दीर्घ आणि जन्मदर अगदी कमी. काही जाती वीस-तीस वर्षे जगतात. ब्रँड्ट्स बॅट या जातीच्या एका वटवाघळाची ४१ वर्षांची नोंद आहे. म्हणजे काही डझनांच्या वसाहतीत एका मोसमातील पिले गेली, तर ती तूट भरून यायला अनेक वर्षे लागतात. धुराचा मारा, दगड फेकणे किंवा गुहेच्या तोंडाशी पेटवलेली शेकोटी यांसारख्या प्रकारांनी तर अख्खी वसाहत जागा सोडून जाऊ शकते.

कायदा काय सांगतो?

भारतात वटवाघळांच्या सुमारे १३० जाती आहेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात दीर्घकाळ यातील दोनच जातींना अनुसूची १ म्हणजे सर्वोच्च संरक्षण होते. एक दक्षिण भारतातील सलीम अलींच्या नावाचे फळभक्षी वटवाघूळ आणि दुसरे बारापेडेतील रॉटनचे. याउलट फळे खाणारी इतर वटवाघळे याच कायद्यात ‘उपद्रवी’ प्राण्यांच्या यादीत होती. २०२२ च्या दुरुस्तीत अनुसूचींची फेररचना होऊन ती यादी वगळण्यात आली.

अभयारण्यात कोणी जावे, हेही याच कायद्यात ठरवून दिले आहे. कलम २७ नुसार कामावरील शासकीय कर्मचारी, आत मालमत्तेचा हक्क असलेले लोक, सार्वजनिक रस्त्याने जाणारे प्रवासी आणि परवानाधारक यांनाच मुभा आहे. कलम २८ नुसार अभ्यास, छायाचित्रण, संशोधन, पर्यटन अशा कारणांसाठी परवाना मिळू शकतो. आग लावणे, शस्त्र नेणे, स्फोटके किंवा घातक रसायने वापरणे यांवर बंदी आहे. अनुसूची १ मधील प्राण्याच्या शिकारीसाठी तीन ते सात वर्षे कैद आणि किमान २५ हजार रुपये दंडाची तरतूद आहे. थोडक्यात, वाटाड्या मिळाला आणि वाट सापडली म्हणजे गुहेत जाण्याची परवानगी मिळाली, असे होत नाही.

इतर देश गुहा कशा जपतात?

अमेरिकेतील अलाबामा राज्यात ‘सौटा केव्ह’ नावाचे राष्ट्रीय वन्यजीव आश्रयस्थान आहे. क्षेत्रफळ अवघे २६४ एकर. १९७८ मध्ये ही जागा सरकारने घेतली ती मुख्यतः ‘ग्रे बॅट’ आणि ‘इंडियाना बॅट’ या दोन जातींसाठी. या गुहेचा इतिहास मजेशीर आहे. अमेरिकेच्या यादवी युद्धात तिथून बंदुकीच्या दारूसाठी सोरा काढला जात असे. १९२० च्या दशकात आत नाइट क्लब चालला. शीतयुद्धाच्या काळात अणुहल्ल्यापासून बचावाचा निवारा म्हणूनही तिची नोंद झाली.

आज या गुहेत कोणालाही सोडले जात नाही. तोंडाशी आडव्या लोखंडी गजांचे दार आहे. गजांमधून वटवाघूळ उडत बाहेर पडू शकते, माणूस आत शिरू शकत नाही. उन्हाळ्याच्या संध्याकाळी मात्र लोक तिथे आवर्जून येतात. गुहेबाहेर ठराविक जागी शांत उभे राहायचे. अंधार पडू लागला की दोन ते चार लाख ग्रे बॅट कीटकांच्या शोधात बाहेर झेपावतात. पाहणाऱ्याला दृश्य मिळते आणि गुहेतल्या पिलांना धक्का लागत नाही.

ओक्लाहोमा राज्यातील सेलमन गुहा हे आणखी एक उदाहरण. तिथे मेक्सिकन फ्री-टेल्ड बॅट येतात. रॉटनचे वटवाघूळ याच कुळातले. उन्हाळ्यातील मोजक्या संध्याकाळी ठराविक संख्येतच लोकांना नेले जाते आणि इच्छुकांची निवड सोडत काढून होते. घरांच्या सोडतीसारखीच ही पद्धत. नंबर लागला तर जायचे, नाहीतर पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज.

लोखंडी दार लावले की काम झाले, असेही नाही. अमेरिकेत सुरुवातीला काही गुहांना चुकीच्या रचनेची दारे बसवली गेली. त्यामुळे हवेचा प्रवाह अडला, आतले तापमान बदलले आणि वटवाघळांनी त्या गुहा सोडल्या. गजांमधील अंतर, त्यांची दिशा आणि दाराची जागा हे सगळे त्या गुहेतील जातीच्या उडण्याच्या पद्धतीवरून ठरवावे लागते. वेगाने सरळ उडणाऱ्या फ्री-टेल्ड जातींना तर गजांचा अडथळा अधिकच जाचक ठरतो.

वटवाघळे संपली तर माणसाचे काय बिघडते?

२००६ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील एका गुहेत नाकावर पांढरी बुरशी असलेली वटवाघळे दिसली. ‘व्हाइट-नोज सिंड्रोम’ नावाच्या या रोगाने त्यानंतर उत्तर अमेरिकेत लाखो वटवाघळे मारली. बुरशी हिवाळी झोपेत असलेल्या वटवाघळांना वारंवार जागे करते. साठवलेली चरबी संपते आणि वसंत ऋतू येण्याआधीच ती उपासमारीने मरतात. वटवाघळांमधून रोग पसरतोच, शिवाय गुहेत फिरणाऱ्या माणसांचे बूट आणि कपडे यांवरूनही बुरशीचे बीजाणू दुसऱ्या गुहेत जाऊ शकतात. तिथल्या अनेक गुहा लोकांसाठी बंद होण्यामागे हे एक कारण होते. ही बुरशी थंड हवेत वाढते. त्यामुळे बारापेडेसारख्या उष्ण प्रदेशातील गुहेला हा मुख्य धोका नाही. पण त्या साथीतून मिळालेला धडा सगळीकडे लागू आहे.

‘सायन्स’ या नियतकालिकात सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, या रोगाने वटवाघळे घटलेल्या अमेरिकी जिल्ह्यांची इतर जिल्ह्यांशी तुलना करण्यात आली. कीटक खाणारे नाहीसे झाल्यावर तिथल्या शेतकऱ्यांचा कीटकनाशकांचा वापर सुमारे ३१ टक्क्यांनी वाढला. त्याच भागांत अपघात वगळता इतर कारणांनी होणारे अर्भक मृत्यू सुमारे आठ टक्क्यांनी वाढल्याचेही त्यात आढळले. गुहेतला बदल शेतात, शेतातला बदल घरात, असा हा प्रवास आहे.

निपा आणि अन्य आजारांची भीती किती खरी?

वटवाघूळ म्हटले की करोनानंतर आजाराचीच आठवण होते. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने मार्च २०२० मध्ये महाबळेश्वरच्या एका गुहेतील वटवाघळांचे नमुने घेतले होते. त्यात काही वटवाघळांमध्ये निपा विषाणूविरोधी प्रतिपिंडे आढळली. २०२१ मध्ये हे निष्कर्ष जाहीर झाले तेव्हा बरीच खळबळ उडाली. प्रतिपिंडे सापडणे म्हणजे त्या प्राण्याचा कधीतरी विषाणूशी संपर्क आला होता. परिसरात साथ आली किंवा येणार, असा त्याचा अर्थ होत नाही. भारतात निपाचा मुख्य वाहक मानले जाणारे मोठे फळभक्षी वटवाघूळ गुहेत नव्हे, तर वड-पिंपळासारख्या उंच झाडांवर राहते.

असे असले तरी गुहेतील वटवाघळांपासून अंतर राखणे माणसाच्याही हिताचे आहे. साचलेल्या विष्ठेत वाढणाऱ्या बुरशीच्या धुळीमुळे हिस्टोप्लाझ्मोसिस हा फुप्फुसाचा आजार होऊ शकतो. युगांडातील ‘पायथन केव्ह’ पाहायला गेलेल्या दोन परदेशी पर्यटकांना २००७-०८ मध्ये मारबर्ग विषाणूची लागण झाली आणि त्यातील एका डच महिलेचा मृत्यू झाला. त्यानंतर तिथे गुहेपासून दूर काचेमागून वटवाघळे पाहता येतील असा कक्ष उभारण्यात आला.

वटवाघळे मारून टाकणे हा उपायही उलटतो. युगांडातच किटाका खाणीतील कामगारांना मारबर्गची लागण झाल्यावर तिथली वटवाघळे संपवण्यात आली. काही वर्षांनी तिथे नव्याने आलेल्या वटवाघळांमध्ये लागणीचे प्रमाण पूर्वीच्या दुपटीहून अधिक, ५.१ वरून १३.३ टक्क्यांवर गेल्याचे आढळले. २०१२ मध्ये त्या भागात पुन्हा साथही आली.

अभयारण्यातील गावांचे काय?

भीमगडच्या संरक्षणाची किंमत कोण मोजते, हा यातील सर्वात अवघड प्रश्न आहे. जंगलातील गावांना धड रस्ता नाही. पावसाळ्यात नाले भरले की आजारी माणसाला खांद्यावरून किलोमीटरच्या किलोमीटर चालत न्यावे लागते. अभयारण्याच्या नियमांमुळे पक्का रस्ता आणि पूल रखडतात. दुसरीकडे कर्नाटक वन विभागाने ऐच्छिक स्थलांतरासाठी प्रति कुटुंब १५ लाख रुपयांची योजना पुढे आणली. २०२५ मध्ये बारापेडेच्या परिसरातील तळेवाडीच्या २७ कुटुंबांना त्यातील पहिला हप्ता देण्यात आला. काहींना ही नव्या आयुष्याची संधी वाटते, तर काहींना पिढ्यान्‌पिढ्यांची शेती, देवराई आणि गावदेवी सोडून जाणे मान्य नाही.

म्हादईच्या पाण्याचा वादही याच डोंगरांत आहे. पाणीवाटप लवादाने ऑगस्ट २०१८ मध्ये कर्नाटकाला १३.४२, गोव्याला २४ आणि महाराष्ट्राला १.३३ टीएमसी पाणी दिले. कर्नाटकच्या वाट्यातील ८.०२ टीएमसी जलविद्युतसाठी आहे. धरणे, कालवे, वीजवाहिन्या यांचे प्रस्ताव आले की जंगलाचे तुकडे पडण्याची भीती पुन्हा वर येते. गुहा तशीच राहिली, पण रात्री शिकार करण्याचे सभोवतालचे जंगल आक्रसले, तरी वसाहत टिकत नाही.

या दोन्ही गोष्टींच्या पार्श्वभूमीवर पर्यटनाचा प्रश्न केवळ हौसेचा उरत नाही. जंगलाच्या भल्यासाठी मूळ रहिवाशांनी घर सोडायचे आणि त्यानंतर त्याच वाटेने शनिवार-रविवारी गाड्यांच्या रांगा लागायच्या, असे झाले तर स्थलांतराचे कारणच खोटे ठरेल. जो संयम गावकऱ्यांकडून अपेक्षित आहे, तोच पाहुण्यांनाही लागू व्हायला हवा.

मग बारापेडेत संध्याकाळचे दर्शन ठेवता येईल का?

अमेरिकेची पद्धत इथे जशीच्या तशी उचलता येणार नाही. तिथे लाखोंचा थवा आहे. गर्दीचा थोडा त्रास झाला तरी वसाहत कोलमडत नाही. इथे वसाहत छोटी. शिवाय संध्याकाळी दाट जंगलात, गवे आणि अस्वलांच्या वाटेवर लोकांना नेणे आणि रात्री परत आणणे हा सुरक्षेचाही प्रश्न आहे.

दुसरा मार्ग आवाजाचा आहे. कीटकभक्षी वटवाघळे उडताना उच्च कंपनसंख्येचे आवाज काढतात आणि त्यांच्या प्रतिध्वनीवरून भक्ष्य शोधतात. प्रत्येक जातीच्या आवाजाची धाटणी वेगळी असते. रॉटनच्या वटवाघळाची हाक तुलनेने खालच्या कंपनसंख्येची आहे. २०१५ मध्ये भारतीय संशोधकांनी या जातीसह इतर फ्री-टेल्ड जाती आवाजावरून कशा ओळखता येतील, यावर शोधनिबंध प्रसिद्ध केला. याचा व्यावहारिक फायदा मोठा आहे. गुहेबाहेर ध्वनिमुद्रक ठेवला, तर आत पाऊल न टाकता वटवाघळे आहेत की नाहीत, कधी बाहेर पडतात, त्यांचा वावर घटतो आहे का, याचा अंदाज घेता येतो. हेम्माडग्यासारख्या ठिकाणी पर्यटकांना असे मुद्रित आवाज ऐकवणे आणि चित्रफीत दाखवणे, गुहेपर्यंत नेण्यापेक्षा कितीतरी सोपे आणि सुरक्षित आहे.

भीमगडला जाताना काय पाळावे?

पहिली गोष्ट म्हणजे परवानगी. वन विभागाची नोंदणी आणि सोबत अधिकृत मार्गदर्शक असल्याशिवाय जंगलातील पायवाटेने जाऊ नये. गुहेचे नेमके ठिकाण नकाशावर टाकणे किंवा समाजमाध्यमांवर जाहीर करणे टाळावे. एका रीलमागून शंभर जण येतात आणि त्या प्रत्येकाला नियम सांगायला तिथे कोणी नसते. जंगलात मोठ्या आवाजात गाणी, फटाके, शेकोटी आणि ड्रोन नकोत.

हाच नियम महाराष्ट्रातील किल्ल्यांवरच्या गुहा, अंधारी कोठारे आणि ओसाड लेणी यांनाही लागू आहे. आत वटवाघळे दिसली तर प्रकाश खाली वळवून, न बोलता मागे फिरावे. पिलू खाली पडलेले दिसले तरी उघड्या हाताने उचलू नये, वन विभागाला कळवावे. चावा किंवा ओरखडा बसल्यास जखम साबणाच्या पाण्याने धुऊन लगेच डॉक्टरांकडे जावे.

पुढे काय?

कर्नाटकातच कोलार जिल्ह्यात हनुमनहळ्ळी येथे ‘कोलार लीफ-नोज्ड बॅट’ ही जात उरली आहे. तिची संख्या दोनशेच्या आत आहे आणि तिची सगळी भिस्त एकाच गुहेवर आहे. तिथे धोका होता ग्रॅनाइटच्या खाणकामाचा. म्हणजे एखाद्या जातीचे संपूर्ण भवितव्य एका दगडी पोकळीवर अवलंबून असणे, हा प्रकार बारापेडेपुरता नाही. अशा ठिकाणी शेकडो चौरस किलोमीटरचे जंगल राखूनही, एका दुपारी आत शिरलेल्या दहा जणांमुळे सगळे वाया जाऊ शकते.

म्हणून भीमगडला जाणाऱ्याने किल्ला पाहावा, म्हादईचे पाणी पाहावे आणि अंधार पडण्यापूर्वी, जाण्याची मुभा आहे तिथूनच आकाशाकडे नजर टाकावी. उंचावरून वेगाने जाणारी एखादी काळी आकृती दिसली तर ती कोणत्या जातीची, हे बहुधा ओळखता येणार नाही. पण गुहेतील वसाहत शाबूत राहिली, तरच अशा आकृत्या पुढच्या वर्षीही तिथे दिसतील.